हनुवटीचा रंग

“मेलीनं आरसासुद्धा केवढुसा ठेवलाय. माणसानं त्यात नाक बघायचं का कान?”

शालनआत्या हे माझ्या कानातच पुटपुटली. तिच्या तोंडातल्या सुपारीचा वास माझ्या गालाला लागला. झरीनाभाभींचं कटलरीचं दुकान म्हणजे इचलकरंजीतल्या दोन घरांच्या मधला बोळ होता. त्याला कुणीतरी पत्रा घातला होता, एवढंच. दोन बायका आत शिरल्या की तिसरीनं बांगड्यांच्या काचेला पाठ लावून उभं राहायचं. तिथं पुटपुटलेलं कुणाला ऐकू जाणार नाही, असं आत्यालाच वाटू शकतं.

“आरसा लहानच बरा असतो, शालनताई,” भाभी स्टुलावरून म्हणाल्या. “त्यात एका वेळी एकच गोष्ट दिसते. अख्खं तोंड दिसलं की बाई घाबरते आणि अख्खं दुकान मागते.”

मी अख्खं दुकान मागायलाच आले होते. रविवारी निपाणीचे पाहुणे मला बघायला येणार होते आणि माझ्याजवळ मेकअप म्हणावा असं काहीही नव्हतं. पावडरचा डबा होता, पण तो सगळ्या घराचा. काजळ आई तव्यावर धरायची. तेविशी उलटली तरी मी लिपस्टिक लावत नव्हते. एकदा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात लावली होती, तीही घरी येईपर्यंत रुमालानं पुसून, ओठ सोलून काढले होते.

वरच्या फळीवर एक डबा उघडून ठेवला होता. आत निळे, हिरवे, जांभळे, सोनेरी रंग ओळीनं बसलेले, शाळेतल्या रंगपेटीसारखे, आणि झाकणाला आरसा. मला तो डबा बघताना असं काही वाटलं, जसं लहानपणी जत्रेतल्या पाळण्याकडे बघताना वाटायचं. तो घेतला की मी वर जाणार, सगळं गाव खाली राहणार.

“तो,” मी बोट केलं.

“तो नाही,” भाभी म्हणाल्या. “त्यातले दोन रंग लावशील. बाकीचे वाळून खडखडीत होईपर्यंत तुझ्याकडे बघत बसतील. नव्यानं सुरुवात करताना थोडं घ्यावं, पोरी. डोळ्याला काजळ. ओठाला एकच लिपस्टिक, आणि ती अशी की जी लावून तुला मंगळवारच्या बाजारात मेथी निवडायला लाज वाटणार नाही. वरून फिरवायला एक कॉम्पॅक्ट. आणि तुझ्या रंगाचं फाउंडेशन. हे वापरायला शीक, संपव, मग पुढचं. ज्या बाईच्या घरात संपलेली लिपस्टिक असते ना, तिला मेकअप येतो असं समज.”

आता आमच्या दुकानात लग्नाच्या साड्या घ्यायला आलेल्या मुली मला विचारतात, काकू, सुरुवातीला काय घ्यायचं हो? मी भाभींचंच सांगते, माझं म्हणून. त्यात माझी भर एवढीच की जे काही घ्याल ते दारात येऊन बघा. पण ते मी भाभींकडून शिकले नाही.

फाउंडेशनची गोष्ट निघाली तशी भाभींनी एक बाटली उघडली. “रंग हातावर बघायचा नाही. इथं बघायचा,” म्हणत त्यांनी स्वतःच्या जबड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे वाकल्या. “ओढणी काढ बघू जरा.”

“हातावरच बघा,” आत्या म्हणाली.

मी ओढणीचं टोक हनुवटीवर धरून उभी होते. ते मी धरलंय हे माझ्याही लक्षात नसायचं. इतर मुली केस सारखे करतात तसा माझा हात आपोआप तिथं जायचा. भाभींनी ओढणीकडे बघितलं आणि मग घाईघाईनं काचेत काहीतरी शोधू लागल्या.

“सगळ्यात उजळ असेल तो द्या,” आत्या म्हणाली.

“अहो, पण हिचा रंग...”

“उजळच द्या. लग्नाच्या बाजारात कुणी सावळं मागतं का?”

ओढणीखाली काय होतं ते सांगते. डाव्या बाजूला, ओठाच्या कोपऱ्यापाशी, अकरावीच्या वर्षी माझ्या कातडीचा रंग गेला. आधी तांदळाएवढा, मग कढीपत्त्याच्या पानाएवढा. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. नुसता रंग निघून गेला होता आणि मागे दुधासारखं पांढरं राहिलं होतं. दर वर्षी ते पान हनुवटीवर थोडं पसरायचं. त्याला आमच्या घरात नाव नव्हतं. आई म्हणायची, “हनुवटीचं”. आत्या म्हणायची, “ते”. सांगलीचे डॉक्टर काहीतरी इंग्रजीत म्हणाले आणि बाबांना आमच्याकडे आप्पा म्हणतात, त्या आप्पांनी ते पुन्हा विचारलं नाही. शेजारणी विचारायच्या, “चटका बसला का गं?” आणि आई म्हणायची, “हो, पापड भाजताना.” इतक्या वेळा म्हणायची की त्या पापडाचा वास मलाही आठवायला लागला होता.

आप्पा तर काहीच म्हणायचे नाहीत.

आता निपाणीचं सांगायला हवं.

बी.कॉम. झाल्यावर मी एका सुताच्या दुकानात फोन घ्यायला बसत होते. रंगवलेलं सूत बाहेरगावी जायचं, आणि गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, डाळिंबी आला का, मोरपंखी कसा आहे. फोनवर रंग कसा दाखवणार? शेठ सगळ्यांना “एकदम फर्स्टक्लास” म्हणायचे. मला ते जमेना. मी खिडकीशी सुताची लड धरून बघायची आणि जे दिसेल ते सांगायची.

“निपाणीहून मुरलीधर बोलतोय. डाळिंबी कसा आलाय?”

“पाठवण्याआधी एक सांगते,” मी म्हणायची. “ह्या वेळचा जरा आमसुलाकडे झुकलाय.”

“किती झुकलाय?”

“आमसूल पाण्यात टाकल्यावर पहिलं पाणी सुटतं ना, तितका.”

पलीकडून, “चालेल. पाठवा.”

त्यांचे माग होते, बाजारपेठेत साडीचं दुकान होतं. माल टेम्पोनं जायचा, त्यामुळे मुरलीधर कधी आला नाही. नुसता आवाज यायचा. लाइन खराब असायची. मध्येच खरखर व्हायची आणि आवाज विहिरीत पडल्यासारखा खोल जायचा. मग तो म्हणायचा, “हॅलो? आहात का?” मी म्हणायची, “आहे.” हळूहळू लाइन चांगली असतानाही तो विचारायला लागला. मीही सांगायला लागले. दुपारी शेठ जेवायला जायचे, बाहेर माग खटखट करत असायचे, पंख्याच्या वाऱ्यानं टांगलेल्या लडी हलायच्या, चिंतामणी, बैंगणी, राघवी रंगांच्या, आणि मला वाटायचं की मी एका रंगीत पाण्याच्या तळाशी बसलेय आणि वरून कुणीतरी विचारतंय, आहात का.

त्याला मी कशी दिसते ते माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलं नाही. त्याला सगळे रंग मी सांगितले, हा एक सोडून.

मग एक दिवस त्याच्या मामांनी शेठना विचारलं, शेठनी आप्पांना विचारलं, आणि रविवार ठरला. मला दुसरं काही नको होतं. त्यानं मला बघावं आणि फोन ठेवू नये, एवढंच.

घरी येऊन आत्यानं माझं तोंड रंगवलं. दारं लावून, ट्यूब लावून. बोटानं थापत थापत ती कपाळापासून खाली आली आणि हनुवटीपाशी थांबून हर्षानं ओरडली, “अगं बया! कुठं गेलं ते? दिसतच न्हाई!”

खरंच दिसत नव्हतं. आईनं भाकरीच्या पिठाच्या हातानं आत येऊन बघितलं आणि ती तशीच उभी राहिली.

“काय गं वहिनी? बोल की.”

“तोंड दिसतंय,” आई म्हणाली. “पण हात कुणाचे आहेत?”

मी आरशात बघितलं. आत्यानं डाग झाकला नव्हता. सगळं तोंडच डागाच्या रंगाचं करून टाकलं होतं. खाली गहूवर्णी मान, गहूवर्णी हात, आणि मध्ये कुंभारानं नुकता पांढरा पोतून ठेवलेला गौरीचा मुखवटा. मला आधी हसू आलं. मग तो मुखवटा हसताना बघून रडू आलं, आणि रडल्यावर गालावरून दोन गहूवर्णी ओघळ उघडे पडले.

तेवढ्यात आप्पा कामावरून आले.

आप्पा रंगखान्यात शेड मास्तर होते. गिऱ्हाइकानं दिलेला नमुना आणि नुकती रंगवून काढलेली लड शेजारी धरायची आणि दोन्हींचा रंग जुळला की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांची नखं कायम कुठल्यातरी रंगाची असायची. आम्ही लहानपणी नखं बघून ओळखायचो, आज कुठला लॉट होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चप्पल काढायची राहिली.

“कुठल्या उजेडात लावलं?” त्यांनी विचारलं.

“ट्यूबच्या,” आत्या म्हणाली. “का?”

“तोंड धू,” ते मला म्हणाले. “आणि दारात ये.”

मी तोंड धुऊन उंबऱ्यात बसले. उन्हं घराच्या मागे गेली होती. अंगणात तो सावलीतला उजेड होता, ज्यात सगळं जसं आहे तसंच दिसतं, ना जास्त ना कमी. आप्पा पाटावर माझ्यासमोर बसले. माझी ओढणी हनुवटीकडे निघाली होती. ती त्यांनी हळूच खाली घेतली. आणि त्यांनी बघितलं. लड बघावी तसं, मान जराशी तिरकी करून, पापणी न लवता. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी ती जागा अशी बघितली नव्हती. सगळे डोळ्यांपर्यंत यायचे आणि तिथूनच परत जायचे.

“हे एक पुरायचं नाही,” ते म्हणाले, आणि उठून गेले.

परत आले ते डब्याच्या पिशवीत कागदात गुंडाळलेल्या दोन बाटल्या लपवून. “त्या बाई म्हणाल्या, उजळ टाकू नका, मिसळायला होईल.”

“तुम्ही कटलरीत गेलात?” आत्यानं पदर तोंडाला लावला. “काय म्हणालात तिथं?”

“नमुना पाहिजे म्हणालो.”

आईनं चहाची बशी आणली, आणि आप्पांनी त्या बशीत माझा रंग केला. गडद थोडा, त्यात उजळाचा थेंब, बोटानं फिरवायचं, बशी तिरकी करून माझ्या गालाशी धरायची, परत फिरवायचं. आत्याची बडबड चालू होती. माग वाजत होते. आप्पा स्वतःशी बोलत होते, रंगखान्यात बोलतात तसं. “लाल बसला. पिवळा कमी पडतोय.” मग मान वर न करता, “हळद आण गं चिमूटभर.”

हळद पडली, आणि बशीत एकदम माझी कातडी आली. मी माझा हात शेजारी धरला. बशी कुठं संपते आणि मनगट कुठं सुरू होतं, कळेना.

मग त्यांनी बोट बशीत बुडवलं आणि ते माझ्या हनुवटीवर ठेवलं.

त्या जागेला कुणीच हात लावत नव्हतं. आई वेणी घालताना माझं तोंड फिरवायची ती दुसऱ्या बाजूनं धरून. आप्पांच्या बोटाला खरखरीत भेगा होत्या, नखात त्या दिवशीचा जांभळा होता. ते बोट ओठाच्या कोपऱ्यापासून खाली हळूहळू थोपटत गेलं. मी डोळे मिटून घेतले. मला झोप यायला लागली, लहानपणी ताप आल्यावर यायची तशी.

“झालं?” आत्यानं विचारलं.

“ओला रंग खोटं बोलतो,” आप्पा म्हणाले. “वाळू दे.”

वाळला. मी आरशात बघितलं आणि तिथं एक मुलगी होती जिला काहीच झालं नव्हतं. तिला बघत मी बराच वेळ बसले. मला ती आवडली, पण ती कोण आहे ते आठवेना.

“जुळलं,” आप्पा म्हणाले. एवढंच.

रविवारी पाहुणे दुपारी यायचे होते. आप्पांनी जेवण उरकताच उंबऱ्यात बसून रंग केला, लावला, वाळवला. मी आमसुली रंगाची साडी नेसले, काजळ घातलं, आणि भाभींनी दिलेली मेथीच्या बाजारातली लिपस्टिक लावली. दार उघडं ठेवलं होतं. पाहुण्यांची जागा आप्पांनीच ठरवली होती: ते भिंतीशी, मी दारासमोर, उजेड माझ्या तोंडावर. सगळं त्या उजेडावर बेतलेलं होतं.

आणि पाहुण्यांची जीप वाटेत कागलपाशी बंद पडली. पोहे गार झाले, परत गरम झाले. दारातला उजेड आधी पिवळा झाला, मग राखाडी झाला, मग उंबऱ्यापर्यंत येऊन बाहेरच थांबला. पाहुणे आले तेव्हा आईनं देवाजवळ दिवा लावला होता. आणि दिवेलागणीला पाहुण्यांना अंधारात कसं बसवायचं, म्हणून आत्यानं पटकन ट्यूब लावली.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले.

मुरलीधर त्याच्या आवाजापेक्षा बुटका होता. खांद्यावर शर्टाला सुताचा एक धागा चिकटलेला होता, बैंगणी. त्यानं वर बघितलं आणि त्याचं तोंड उजळलं. मग काहीतरी झालं. त्याची नजर थोडी खाली आली, तिथं अडखळली, आणि पोह्यांवर गेली. त्याच्या आईची नजरही तिथंच आली. मामांची आली. मी आप्पांकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरून मला कळलं.

समोरच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या. त्यांच्या काचेत माझं तोंड दिसत होतं, आणि हनुवटीवर हिरवट पान होतं. कच्च्या कैरीसारखं. दारातल्या उजेडात माझ्या कातडीत विरून गेलेली हळद ट्यूबखाली वेगळी निघाली होती. आयुष्यभर आप्पा रंगखान्यात पोरांना हेच सांगत आले होते, दिवसा जुळलेली शेड दिव्याखाली फिरते, दोन्हीकडे बघा. तोच माणूस लेकीचा रंग जुळल्यावर दुसऱ्यांदा बघायचं विसरला होता.

“बस हं, बाळ,” मुरलीधरच्या आई म्हणाल्या. आवाज मऊ होता. “हनुवटीला काही लागलंय का?”

“पापड भाजताना चटका बसला, काल,” आई म्हणाली.

“लहानपणी,” आत्या त्याच क्षणी म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

“उष्णतेनंही होतं असं,” मामा घाईनं म्हणाले. बिचारे मदतच करत होते. “आमच्याकडे एकाला पोटातल्या जंतानं झालं होतं.”

“हो, हो. जंतच,” आत्या म्हणाली.

“गुलकंद द्यावा,” मुरलीधरच्या आई म्हणाल्या.

“देतो की. रोज देतो.”

सगळे पोहे खायला लागले. कुणी लिंबू पिळत होतं, कुणी खोबरं बाजूला करत होतं. इतक्या माणसांनी इतक्या प्रेमानं एका शब्दाला वळसा घातलेला मी तोवर पाहिला नव्हता. तो शब्द मध्ये सतरंजीवर बसला होता आणि त्याला सोडून सगळ्यांना बशा मिळाल्या होत्या.

मुरलीधर खात नव्हता. माझ्याकडे बघतही नव्हता. माझ्या डोक्यात एकच आलं: आता फोन ठेवणार.

आप्पा उठले. “शेड फिरली,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि पाहुण्यांना म्हणाले, “डोळ्यांवर येतोय हा उजेड,” आणि त्यांनी ट्यूबचं बटण बंद केलं.

एकदम संध्याकाळ आत आली. माणसं नुसत्या आकृत्या झाली. देवाजवळच्या दिव्याचा एवढासा उजेड फरशीवर हलत होता. आप्पा हात बटणावर ठेवून तसेच उभे राहिले. पोह्यांच्या बशीवर चमचा ठेवल्याचा आवाज झाला. शेजारच्या घरातले माग ऐकू यायला लागले, खटखट, खटखट, आणि त्या आवाजात मला पंख्याखाली हलणाऱ्या लडी दिसल्या, दुपार दिसली, टेबलावरचा काळा फोन दिसला. तोंडं नव्हती. आता इथंही तोंडं नव्हती.

आणि अंधारातून, भिंतीच्या बाजूनं, विहिरीतून यावा तसा आवाज आला.

“हॅलो? आहात का?”

“अरे, हे काय,” मामा म्हणाले. कुणीतरी त्यांना गप्प केलं.

मी ट्रे खाली ठेवला. पदराचं टोक घेतलं आणि हनुवटी पुसली. आधी हळू, मग नीट, आप्पांचं दोन दिवसांचं काम, हळद, उजळ, गडद, सगळं. पदर आमसुली होता, त्याला काय लागलं ते दिसलं नसतं.

“आहे,” मी म्हणाले.

“बोला.”

“पाठवण्याआधी एक सांगते,” मी म्हणाले. माझा आवाज सरळ होता. रंग सांगताना तो नेहमीच सरळ असायचा. “मला कोड आहे.”